ताजं रताळंच गोड? खुलासा

वावरातून काढलेलं रताळं त्याच दिवशी शिजवलं तरच गोड लागतं, असं गावोगावी सांगतात. ते खरं नाही. ताजं रताळं पिठूळ असतं. माती झटकून, न धुता, हवेशीर सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. स्टार्चची साखर होत जाते. फ्रिजमध्ये मात्र नको, गाभा कडक राहतो.

आचही महत्त्वाची. साधारण ६० ते ७५ अंशांत रताळ्यातलं एन्झाइम स्टार्चचं माल्टोज, म्हणजे एक प्रकारची साखर, करतं. कुकरमध्ये हा टप्पा भर्रकन निघून जातो. त्यापेक्षा जाळ विझल्यावर अख्खी रताळी पाऊण तास फुफाट्यात पुरा. सालीतून चिकट पाक पाझरला की झाली. सोलून फोडी करा, मग फोडणीत परता. अर्ध्या किलोला दोन चमचे तूप, जिरं, तीन हिरव्या मिरच्या, मीठ. दाण्याचं कूट अगदी शेवटी, नाहीतर करपून कडवट होतं. ज्वारीच्या भाकरीसोबत गरमच वाढा.