दाढदुखीचं अक्षर आणि माया राजे

21 डिसेंबर 2012 ला जगबुडी होणार म्हणून वाहिन्यांवर केवढा गोंधळ चालला होता! मेक्सिको, ग्वाटेमाला या भागात नांदलेल्या प्राचीन माया लोकांनी तसं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या दिनगणनेतला एक मोठा फेरा त्या दिवशी पुरा होत होता, एवढंच. पण 'माया म्हणजे काळाचं गूढ जाणणारे ऋषी' ही समजूत काही वाहिन्यांनी पैदा केली नाही. ती रुजवली विसाव्या शतकातल्या नामवंत अभ्यासकांनी.

गंमत म्हणजे पहिला अंदाज बरोबर होता. 1839 मध्ये अमेरिकन प्रवासी लेखक जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवूड होंडुरासच्या जंगलातल्या कोपान या माया शहरात पोचले. स्टीफन्सने ते अख्खं उजाड शहर 50 डॉलरला विकत घेतलं. कोरीव शिळा पाहून त्याला वाटलं की या लोकांचा इतिहास यांवरच लिहिलेला असणार. लिपी मात्र कुणालाच येत नव्हती. 1562 मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या मानी गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने मायांच्या पोथ्यांची होळी केली होती. आज जेमतेम चार उरल्या आहेत.

त्यांतल्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात असलेल्या पोथीवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकडे आणि तारखा उलगडल्या. बाकीचा मजकूर मुकाच राहिला, आणि इथेच घोटाळा झाला. आपल्याला फक्त तारखा वाचता येतात, तेव्हा शिळांवर तारखांखेरीज काही नसावंच, असं धरलं गेलं. एरिक थॉम्पसन या ब्रिटिश अभ्यासकाच्या वजनदार लेखणीतून मग शांतताप्रिय, आकाश निरखणारे पुरोहित आणि सणासुदीपुरती भरणारी रिकामी देवस्थानं उभी राहिली. 1946 मध्ये मेक्सिकोतल्या बोनाम्पाक या माया स्थळी भिंतीवर लढाईचं आणि बोटांतून रक्त गळणाऱ्या कैद्यांचं रंगीत चित्र सापडलं, तरीही ती समजूत तग धरून राहिली.

मेक्सिकोतल्या पालेंके या माया शहराचा प्रसंग तर थेट जमिनीतून वर आला. तिथल्या शिलालेख मंदिरात अल्बेर्तो रूस या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाला 1949 मध्ये फरशीच्या एका दगडात बुजवलेली भोकं दिसली. दगड उचलला, तर खाली दगडमातीने ठासून भरलेला जिना. तो उपसायला चार मोसम लागले. 1952 मध्ये तळाशी कोरीव झाकणाची भलीमोठी दगडी शवपेटी मिळाली आणि आत जेड या हिरव्या रत्नाचा मुखवटा चढवलेला पुरुष. अमेरिकेतले पिरॅमिड म्हणजे नुसते देवळांचे चौथरे, थडगी नव्हेत, असं तोवर मानत.

हा पुरुष कोण, ते कळायची वाट मोकळी केली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी. त्या मूळच्या वास्तुविशारद. ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या शिळा गटागटाने उभ्या असल्याचं त्यांनी हेरलं आणि प्रत्येक गटातल्या तारखा ओळीने मांडल्या. एकाही गटाचा पल्ला माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब जाईना! एका तारखेशेजारी उताण्या बेडकाचं अक्षर, पुढच्या तारखेशेजारी गाल बांधल्यासारखं डोकं. अभ्यासक त्याला गमतीने 'दाढदुखी' म्हणत. बेडूक म्हणजे जन्म आणि दाढदुखी म्हणजे राज्यारोहण, हे 1960 च्या त्यांच्या लेखाने दाखवलं. देवांच्या म्हणून ठरवलेल्या मूर्ती राजाराण्यांच्या निघाल्या. थॉम्पसन यांनी हे कबूल केलं. 1952 पासून 'ही लिपी उच्चारानुसारी आहे' म्हणणाऱ्या सोव्हिएत युरी क्नोरोझोव्हना मात्र त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. शीतयुद्धाचे दिवस होते, हेही खरं. पण लिपी उलगडली ती क्नोरोझोव्ह यांच्याच वाटेने, आणि पालेंकेच्या पुरुषाला नाव मिळालं: पकाल, 683 मध्ये वारलेला राजा.

देवस्थानं रिकामी होती, ही समजूत घरांच्या जोत्यांनी मोडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी 1956 पासून ग्वाटेमालातल्या तिकाल या माया शहरात देवळांपलीकडचं रान पायी मोजलं, तेव्हा घरंच घरं निघाली. विमानातून लेझरने जमीन मोजणाऱ्या लायडारने पुढे कमाल केली. उत्तर ग्वाटेमालातल्या 2144 चौरस किलोमीटरमध्ये 61,480 बांधकामं असल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. शिवाय रस्ते, पाट, पायऱ्यापायऱ्यांची शेतं.

आता राजांभोवती रचलेल्या चित्रालाही, म्हणजे भव्य बांधकामं राजेच करवत या समजुतीलाही, धक्के बसताहेत. 2020 मध्ये जाहीर झालेला, मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातल्या आग्वादा फेनिक्स या स्थळाचा चौथरा सुमारे 1.4 किलोमीटर लांब आहे आणि इ.स.पू. 1000 ते 800 च्या दरम्यानचा. त्यावर कुठल्याही राजाचा पुतळा नाही. तो इतका पसरट आहे, की वर उभं राहिलं तरी साधा माळच वाटतो.