पन्नास-शून्य म्हणजे सर्वश्रेष्ठ?

‘जो कधी हरला नाही तोच सगळ्यात मोठा बॉक्सर’ हे वाक्य मुंबईतल्या जिममध्येही ऐकू येतं. ते चुकीचं आहे. कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमधलं शतक आणि रणजी फायनलमधलं शतक आपण एका तराजूत तोलतो का?

बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा हिशेब ५०-०, म्हणजे पन्नास विजय, शून्य पराभव. त्यातला पन्नासावा विजय २०१७ सालचा, मिश्र मार्शल आर्ट्समधल्या कॉनर मॅकग्रेगरवर. मॅकग्रेगरची ती व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत! आकडा मात्र पूर्ण धरला जातो.

म्हणून नुसतं नाव नको, तारीख बघा. रॉकी मार्सियानोने (४९-०) माजी हेवीवेट विजेत्या जो लुईसला १९५१ मध्ये नॉकआउट केलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता, निवृत्तीतून परतलेला. उलट १९५२ मध्ये तेव्हाचा हेवीवेट विजेता वॉल्कॉट याने मार्सियानोला पहिल्याच फेरीत पाडलं, गुणांतही मार्सियानो मागे होता, तरी तेराव्या फेरीत त्यानेच वॉल्कॉटला नॉकआउट केलं. हा विजय खरा वजनदार.

वजनही तपासा. २०१३ मध्ये मेवेदरने मेक्सिकन बॉक्सर कनेलो अल्वारेझला हरवलं, पण वजनगटाच्या १५४ पौंडांच्या मर्यादेऐवजी १५२ पौंडांवर, आणि कनेलो तेव्हा अवघा २३ वर्षांचा. विजय कमअस्सल नाही, पण ही टीप जोडायलाच हवी.

आणि मुहम्मद अली? पाच वेळा हरला. फ्रेझर, नॉर्टन यांच्यासारखे तगडे प्रतिस्पर्धी टाळले असते तर कमी हरला असता.