अन्ननलिकेचा कर्करोग: ‘एन१’चा अर्थ कसा बदलत गेला

आधी कळण्याची भाकरी अडकते, मग वरणात कुस्करलेली, मग नुसतं वरणही. जळगाव-धुळे-नंदुरबारचा रुग्ण एवढं झाल्यावर दुर्बिणीच्या तपासणीला येतो. पुढे फाइल मुंबईला जाते, आणि तिच्यातला ‘एन१’, म्हणजे लसिकाग्रंथींत (पुढे नुसत्या ‘गाठी’) रोग पोचल्याची खूण, कोणत्या सालच्या नियमांनी लिहिलाय हे कुणी पाहत नाही.

कर्करोगाची स्टेज ठरवणारी टीएनएम पद्धत (टी म्हणजे मूळ ट्यूमर, एन म्हणजे गाठी, एम म्हणजे दूर पसरलेला रोग) फ्रेंच डॉक्टर पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात बसवली. अन्ननलिकेसाठी ‘एन’ला बरीच वर्षं दोनच घरं होती: गाठी कोऱ्या तर एन०, बाधित तर एन१. १९९७च्या पाचव्या आवृत्तीने जागेलाही वजन दिलं. छातीतल्या खालच्या भागाचा कर्करोग पोटातल्या सीलिॲक धमनीजवळच्या गाठीत दिसला, की एम१ए, म्हणजे थेट चौथी स्टेज.

पण अन्ननलिकेच्या अस्तराखाली लसिकावाहिन्या उभ्या धावतात. ट्यूमरशेजारची गाठ कोरी आणि लांब मानेतली किंवा पोटातली बाधित, असं घडतं. नुसत्या जागेवरून अंदाज चुकायचा तो इथेच.

फक्त शस्त्रक्रिया झालेल्या ४,६२७ रुग्णांच्या नोंदी तपासून २००९च्या सातव्या आवृत्तीने मोजणी आणली. १-२ बाधित गाठी एन१, ३ ते ६ एन२, ७ वा जास्त एन३. सीलिॲक गाठी ‘एन’मध्ये परतल्या. पाच बाधित गाठींचा जुना एन१ आज एन२ ठरतो. आठव्या आवृत्तीने तपासणीवरची (सी), शस्त्रक्रियेनंतरची (पी) आणि केमो-रेडिएशननंतरची (वायपी) स्टेज वेगवेगळी केली. एन०च्या अगोदर लिहिलेलं हे अक्षर आधी वाचावं.

मोजायचं तर गाठी हाती लागायला हव्यात. निदान १५ तपासाव्यात असा दंडक आहे. ‘०/६’ (सहा तपासल्या, एकही बाधित नाही) आणि ‘०/२४’ दोन्ही एन०च, पण पहिल्यावर भरवसा कमी. शस्त्रक्रियेत काढलेला सगळा ऐवज एकाच बरणीत कोंबला, तो टिकवणारं फॉर्मॅलिन जेमतेम ओतलं, की चरबीतल्या बारीक गाठी निसटतात. ऐवजाच्या दहापट फॉर्मॅलिन आणि प्रत्येक जागेची वेगळी, नाव लिहिलेली बरणी, एवढं सर्जननेच ऑपरेशन थिएटरात करायचं.

सीटीवर एक सेंटिमीटरहून लहान गाठीतही रोग लपतो. उलट, क्षयाची गाठ पेट स्कॅनवर कर्करोगासारखीच उजळते, आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही. शंका आली तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुई घालून नमुना घ्यावा. मात्र सुई ट्यूमरमधून आरपार नेऊ नये. तिच्यासोबत आलेल्या पेशींमुळे कोरी गाठही बाधित वाटते.