‘घरीच असते’ : कोल्हापुरात घरबसल्या कमावणाऱ्या आयांची पार्श्वभूमी

घरदुरुस्तीच्या कर्जासाठी आम्ही दोघं एका बँकेत गेलो होतो. साहेबांनी अर्ज चाळला, नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी पाहिली आणि माझ्याकडे न बघताच त्याला विचारलं, ‘मॅडम घरीच असतात ना?’ मी म्हटलं, ‘घरीच असते, पण नोकरी करते.’ पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब मी शाहूपुरीतल्या आमच्या घरातून, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतून सांभाळते. साहेबांनी मान हलवली आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं. माझ्या पगाराच्या चिठ्ठ्या पिशवीतच राहिल्या.

त्या दिवशी राग आला, पण नंतर जाणवलं, की हा रकाना त्या साहेबांच्याही आधीचा आहे. घरात बसून कमावणारी आई कोल्हापुरात लॅपटॉपबरोबर आली असं आपण धरून चालतो. खरं तर ती इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तेवढ्याच पिढ्या तिच्याबद्दल ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असं सांगितलं जातं.

कोल्हापुरी चप्पलच घ्या. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘ही वस्तू याच भागाची’ अशी सरकारी नोंद मिळाली, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जवाहरनगर, सुभाषनगर भागात आजही हे काम घराघरांत चालतं. कातडं कापणं, तळ ठोकणं बहुतेक पुरुषांकडे आणि पट्ट्यावरची वेणी बायकांकडे. एका घरात मी ते जवळून पाहिलं आहे. भिजवून मऊ केलेल्या कातड्याच्या सुतळीएवढ्या बारीक पट्ट्या, त्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि दोन्ही हात वेणी घालत चाललेले. बाजूला मुलगी पाढे म्हणत होती. आई वेणीवरची नजर न काढता तिची चूक दुरुस्त करत होती, मध्येच उठून भाताखालचा गॅस बारीक करून येत होती. कोल्हापुरी चप्पल ज्या वेणीवरून ओळखली जाते ती घालणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘धंदा मालकांचा हाय. मी आपलं हातभार लावतो.’ (‘मालक’ म्हणजे नवरा; आणि आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘लावतो’, ‘जातो’ असंच बोलतात.)

‘हातभार’ या शब्दात सगळं आलं. जिल्ह्यात कुठेही जा, तो ऐकू येतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला आणि पुढे अख्खं गाव मागावर उभं राहिलं. त्या मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरण्यात बायकांचे हात होते. हुपरीत चांदीचं काम घरोघरी आहे, पैंजण एकाच घरात सुरू होऊन तिथेच संपत नाही, ते चार घरं फिरतं. आमच्या शेजारच्या कुंभार गल्लीत गणपतीचे दिवस जवळ आले की घरातल्या बायका मूर्ती घासायला, रंगवायला बसतात. शिवाय उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी, कुरडया, सांडगे करून विकणाऱ्या घरटी एक-दोघी असतातच. काम वेगवेगळं असलं तरी रीत एकच: नगावर पैसे, माल घरी आणून देणारा आणि घेऊन जाणारा कोणी तिसरा आणि वहीत नाव घरातल्या पुरुषाचं. वहीत नाव नाही म्हणून कामाचे तास नाहीत. तास नाहीत म्हणून ती कामगार नाही. आणि कामगार नाही, म्हणजे ती ‘घरीच असते’.

घराच्या उंबऱ्याच्या आत कायद्यानं ठळकपणे पाहिलं ते विड्यांच्या निमित्तानं. निपाणी आमच्यापासून महामार्गानं तासाभराच्या आत. तंबाखूच्या वखारी तिथल्या, आणि पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या बायकाही तिथल्याच. १९६६ सालच्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. मला हे फार मोठं वाटतं. काम जिथं होतं त्या जागेपेक्षा ते कोणासाठी होतं हे बघायचं, ही दृष्टी तिथे आली. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरून काम करणाऱ्याला इतर मजुरासारखीच वागणूक मिळावी, हे त्याचं सार. भारतानं तो आजवर स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे.

विडीच्या आधीचं एक उदाहरण मुंबईचं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पीठ घरी न्यायचं, लाटायचं, वाळवलेले पापड केंद्रावर आणून द्यायचे. फरक एवढाच की वहीत नाव तिचं आणि मालकीतला वाटाही तिचा. एवढ्या एका फरकानं त्या बायकांना पुढच्या पिढ्यांत कुणी ‘हातभार’ लावणाऱ्या म्हटलं नाही.

आता दुसरा धागा, घराबाहेर पडून नोकरी करणाऱ्या आईचा. तो कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून सुरू होतो. संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी रखमाबाई केळवकरांवर सोपवली. रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि त्या वेळच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, काम करू लागल्या. आई आणि लेक दोघी पगारी नोकरीत, तेही त्या काळात! १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पुढच्या पिढ्यांत मास्तरीणबाई, नर्सबाई, कारकून बाई घरोघरी दिसू लागल्या. त्यांच्या मुलांना आजीनं सांभाळलं. त्याबद्दल कुठल्याही दफ्तरात ओळ नाही.

बाळंतपणाची रजा त्या मानानं उशिरा आली. मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला तो पहिला. कोल्हापुरात तेव्हा शाहू मिल ही कापडगिरणी होती, पण कोल्हापूर संस्थान असल्यानं इलाख्याच्या कायद्याबाहेर होतं. संस्थान विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. सगळ्या देशासाठी कायदा झाला १९६१ साली, त्यात बारा आठवड्यांची रजा. ती २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आलं. आणि त्याच दुरुस्तीत एक छोटं कलम आलं: कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजा संपल्यावर आईला घरून काम करता येईल, मालक आणि ती दोघं मिळून ठरवतील त्या अटींवर. माझी मोठी मुलगी झाली तेव्हा हे कलम असल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून तयार होता. तो द्यायच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीनं हे कलम दाखवलं. मी कंपनीतल्या साहेबांना विचारलं, ते हो म्हणाले. विचारलं नसतं तर मी आज खरोखरच बँकेच्या त्या रकान्यातली असते.

हा संसार लिहून काढण्याची सवयही याच भागात रुजली. १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून बायकांचं मासिक निघावं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. माझ्या आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली त्याचे जुने अंक होते, कडा वाळवीनं खाल्लेल्या. स्वयंपाकघर, मूल, सासर, पैसा यावर छापील अक्षरात भांडता येतं, हे तिला त्यातून कळलं असं ती सांगायची. ती स्वतः ब्लाउज शिवायची. मशीन खिडकीशी, वर कडीला जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीची दोरी तिच्या डाव्या मनगटाला बांधलेली. बाळ कुरकुरलं की हात थोडा ओढायची, शिवण सरळच जायची. आजीचं नावही कुठल्या वहीत नव्हतं.

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्दप्रयोग मात्र बाहेरून आला. १९७३ साली अमेरिकेत जॅक निलेस या अभियंत्यानं माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे न्यायची कल्पना मांडली. तेलाचा तुटवडा आणि गाड्यांची कोंडी या त्याच्यापुढच्या अडचणी होत्या, आई आणि मूल हा विषय तिथे नव्हता. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतरही कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना माणसं घरून बसवायची तर दूरसंचार खात्याच्या कडक अटी आणि बँक हमी होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा अटी तात्पुरत्या सैल झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियमच बदलले. पुण्या-बंगळूरहून मुलं-सुना कोल्हापूरला परतली ती याच काळात. पुढे बऱ्याच जणांना कंपन्यांनी परत बोलावून घेतलं. घरून काम सोडायचं नाही म्हणून झगडणाऱ्यांत माझ्या ओळखीत तरी आयाच जास्त आहेत.

त्याचं कारण सरकारच्याच आकड्यांत आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असं निघालं. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. हे तास विनामोबदल्याचे, पगारी कामाच्या वरचे. कचेरीत गेलं की निदान मधले आठ-नऊ तास त्यातून सुटका असते. घरून काम करणारीला ती नाही. माझी सकाळ सांगते. सातला मोठीची शाळेची गाडी, त्याआधी डबा. नवाला लॉगिन. साडेनवाच्या मीटिंगमध्ये पुण्याहून कोणी महिनाअखेरचं विचारत असतं, धाकटा मांडीवर असतो, आणि तेवढ्यात सासूबाई दारातून, ‘ऑफिस सुटलं काय गं? दूध ठेवलंय, जरा बघ की.’ मी म्यूटचं बटण दाबते. आजीच्या मनगटाला दोरी होती, माझ्या बोटाखाली हे बटण. सासूबाईंचं काही चुकत नाही. दुपारी दोन तास मुलगा त्याच सांभाळतात, म्हणून माझी नोकरी टिकली. पण मी शेजारच्या खोलीत आहे आणि दार उघडं आहे, म्हणजे मी मोकळी आहे, असं त्यांना साठ वर्षं दिसत आलं आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा नदी पुन्हा शहरात शिरली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टसारखीच ती याही वेळी ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या भागात वीज गेली, उपसा केंद्रं बुडाल्यानं नळाला पाणी नाही. मी लॅपटॉप आणि दोन मुलं घेऊन राजारामपुरीत नणंदेकडे गेले. वाटेत कुंभार गल्लीतली शेजारीण भेटली. कमरेएवढ्या पाण्यातून घरातली माणसं मूर्ती बाहेर काढत होती आणि ती वरच्या पायरीवर उभी राहून त्या हातात घेत होती. अजून डोळे लिहायचे राहिलेले गणपती, रंग ओला. मला बघून म्हणाली, ‘ताई, तुमचं बंद पडलं, आमचं भिजलं.’

कंपनीनं माझे चार दिवस रजेत धरले. पगार पुरा आला. शेजारीण महिनाभर रोज पहाटे चारला उठून मूर्ती रंगवत होती. त्या दिवसांचं तिला काही मिळालं का, असं मी दिवाळीत विचारलं. नुकसानीच्या पंचनाम्यात मूर्ती किती गेल्या ते लिहून घेतलं होतं. त्या कोणी रंगवल्या होत्या, यासाठी कागदावर जागा नव्हती.