गूढानुभव मोजता येतो का? बोस्टनमधील एक गुड फ्रायडे आणि त्यानंतरची साठ वर्षे

२० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये हॉवर्ड थर्मन प्रवचन करत होते. मार्टिन ल्यूथर किंग ज्यांना आपले मार्गदर्शक मानत, असे हे धर्मोपदेशक होते. त्याच इमारतीच्या तळघरातील लहान प्रार्थनागृहात ईश्वरविद्येचे २० विद्यार्थी ध्वनिक्षेपकावरून तेच प्रवचन ऐकत बसले होते. उपासनेपूर्वी त्या प्रत्येकाला एक मात्रा देण्यात आली होती. दहा जणांच्या वाट्याला ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन, म्हणजे काही अळिंब्यांत आढळणारे आणि भान बदलणारे रसायन, आले होते, तर उरलेल्या दहा जणांना २०० मिलिग्रॅम निकोटिनिक आम्ल, म्हणजे त्वचा लाल आणि गरम करणारे पण मनावर फारसा परिणाम न करणारे जीवनसत्त्व मिळाले होते. कोणाला काय दिले आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते आणि प्रयोग करणाऱ्यालाही.

हा प्रयोग करणारे वॉल्टर पॅन्के डॉक्टर होते, दीक्षित धर्मोपदेशक होते आणि हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. संत आणि योगी ज्या अवस्थेचे वर्णन करतात तशीच अवस्था, श्रद्धेची पार्श्वभूमी असलेल्या माणसाला धार्मिक वातावरणात एखाद्या रसायनाच्या साहाय्याने येऊ शकते का? उत्तर मोजता यावे म्हणून त्यांनी तत्त्वज्ञ वॉल्टर स्टेस यांच्या विवेचनाच्या आधारे गूढानुभवाची नऊ लक्षणे निश्चित केली. सर्व काही एकच आहे ही जाणीव, स्थलकालाचे भान सुटणे, पावित्र्याचा अनुभव, जे दिसले ते शब्दांत न मावणे आणि त्या अनुभवाने पुढील वागण्यात टिकून राहणारा बदल होणे ही त्यांपैकी काही. भक्तिपरंपरेत वाढलेल्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. नवे होते ते अशा गोष्टीची प्रश्नावली करून तिला गुण देणे.

निकाल ठळक होता. सिलोसायबिन घेतलेल्या दहांपैकी आठ जणांच्या अनुभवात नऊपैकी किमान सात लक्षणे आढळली, तर दुसऱ्या गटातील एकाचीही मजल तिथपर्यंत गेली नाही. विद्यार्थ्यांसोबत मार्गदर्शक म्हणून बसलेल्या काही अध्यापकांनाही औषध मिळाले होते. धर्मांचे ख्यातनाम अभ्यासक ह्यूस्टन स्मिथ हे त्यांपैकी एक होते आणि त्या दिवसाचे महत्त्व ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

तरीही या प्रयोगाच्या मुळाशी एक अडचण होती आणि या क्षेत्राने ती आजवर सोडवलेली नाही. निकोटिनिक आम्लाने अंगात उष्णता उसळली तेव्हा ते घेतलेल्या काही विद्यार्थ्यांना खरे औषध आपल्यालाच मिळाले असे वाटले, पण हा भ्रम थोडाच वेळ टिकला. शेजारचा विद्यार्थी जमिनीवर आडवा होऊन तंद्रीत गेला आहे आणि आपण मात्र बाकावर बसून घड्याळाकडे पाहतो आहोत, हे लक्षात आल्यावर कोण कोणत्या गटात आहे याचे गुपित कसे राहणार? संशोधक आणि सहभागी दोघेही अनभिज्ञ असले पाहिजेत ही वैद्यकीय चाचणीची पहिली अट तासाभरातच मोडली होती. त्यानंतर भरलेल्या प्रश्नावल्यांमध्ये औषधाचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती, हे वेगळे काढणे अशक्य झाले.

दुसरे वैगुण्य अधिक गंभीर होते आणि ते उघड व्हायला जवळजवळ तीन दशके लागली. रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना पुन्हा शोधून काढले, त्यांपैकी १६ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सिलोसायबिन मिळालेल्यांच्या मते तो अनुभव इतक्या वर्षांनंतरही खराखुरा आध्यात्मिक होता. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशीच्या भीतीचे आणि घालमेलीचे क्षणही सांगितले. एक विद्यार्थी तर शांतीच्या नव्या युगाची घोषणा करण्यासाठी आपली निवड झाली आहे अशा समजुतीने चॅपेलबाहेर पडला होता आणि त्याला परत आणून थोरॅझीन या मनोविकारांवरील औषधाचे इंजेक्शन द्यावे लागले होते. पॅन्के यांच्या प्रबंधात या इंजेक्शनचा उल्लेख नाही. माझ्या मते हे मौन त्या काळाच्या घाईचे चिन्ह आहे. पॅन्के १९७१ मध्ये समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना मरण पावले, त्यामुळे त्यांचे स्पष्टीकरण मिळण्याची शक्यताही उरली नाही.

या रसायनाचा उगम मात्र बोस्टनपासून फार दूर, मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात होता. हुआउत्ला दे हिमेनेस या डोंगराळ गावात मारिया साबिना ही माझातेक जमातीची वैदू स्त्री रात्रीच्या विधीत पवित्र मानलेल्या अळिंब्या वापरत असे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेत उपाध्यक्ष असलेले गॉर्डन वॉसन १९५५ मध्ये तिच्या विधीला बसले आणि १९५७ मध्ये त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा सचित्र वृत्तांत दिला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील आल्बर्ट हॉफमन यांनी, म्हणजे ज्यांनी १९३८ मध्ये एलएसडी हे असेच भान बदलणारे रसायन बनवले होते त्याच रसायनशास्त्रज्ञांनी, या अळिंब्यांतून सिलोसायबिन वेगळे केले. साठच्या दशकात हिप्पींची रीघ त्या गावाला लागली. त्याचे परिणाम साबिनाला भोगावे लागले; गावकऱ्यांचा रोष ओढवला आणि तिचे घर जाळले गेले. वॉसन येण्यापूर्वी अळिंब्या आजारी माणसाला बरे करण्यासाठी घेतल्या जात, देव शोधण्यासाठी कोणी घेत नसे, असे तिने नंतर सांगितले. प्रतिसंस्कृतीने ज्याला प्राचीन अध्यात्म म्हणून डोक्यावर घेतले, ते त्या गावात मुळात रुग्णसेवेचे साधन होते ही गोष्ट या इतिहासात फार थोडे लोक सांगतात.

पॅन्के यांना सिलोसायबिन मिळाले ते हार्वर्डमधील टिमोथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट यांच्या प्रकल्पातून. १९६३ मध्ये विद्यापीठाने दोघांनाही काढले. लिअरींवर वर्ग न घेतल्याचा ठपका होता, तर अल्पर्ट यांच्यावर पदवीपूर्व विद्यार्थ्याला औषध दिल्याचा. जानेवारी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये हजारोंच्या मेळाव्यापुढे लिअरी चाकोरी सोडून देण्याचे आवाहन करत होते, तेव्हा कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी येऊन तीन महिने झाले होते. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने या पदार्थांना सर्वांत कडक वर्गात टाकले आणि संशोधन जवळजवळ थंडावले.

याच काळात अमेरिकेतील काही तरुण या प्रश्नाचे उत्तर अहमदनगरला विचारत होते. पुण्यात जन्मलेले आणि १९२५ पासून मौन पाळणारे मेहेरबाबा नगरजवळ राहत, आणि एलएसडीतून ईश्वर भेटतो का असे विचारणाऱ्या या तरुणांना त्यांनी हातांच्या खुणांतून निःसंदिग्ध उत्तर दिले. असे अनुभव मृगजळासारखे असतात आणि विशिष्ट वैद्यकीय कारण नसताना हे पदार्थ घेणे शरीर, मन व आत्मा तिघांनाही घातक आहे, हे त्यांचे म्हणणे १९६६ मध्ये अमेरिकेत पुस्तिकारूपाने वाटले गेले. त्यांनी वैद्यकीय उपयोगाची वाट मोकळी ठेवली होती हे विशेष. अल्पर्ट १९६७ मध्ये भारतात आले, नीम करौली बाबांचे शिष्य झाले आणि रामदास या नावाने परतले. आपण दिलेल्या एलएसडीच्या मोठ्या मात्रेचा बाबांवर काहीच परिणाम झाला नाही, असे ते पुढे सांगत; ही त्यांची स्वतःची साक्ष आहे, प्रयोग नव्हे.

साधूंच्या चिलमीशी याची तुलना आपल्याकडे पटकन केली जाते, पण गांजातील द्रव्य मेंदूतील निराळ्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर रसायन जिथे येऊन बसते त्या जागेवर, काम करते. सिलोसायबिनचे शरीरात सिलोसिनमध्ये रूपांतर होते. सिलोसिनची रचना सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाशी मिळतीजुळती असल्याने ते मेंदूच्या बाह्य थरात विपुल असलेल्या ५-एचटी२ए या सेरोटोनिन रिसेप्टरवर बसते. झुरिचमध्ये फ्रान्झ फोलनवायडर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की हा रिसेप्टर केटॅन्सेरिन या औषधाने आधीच अडवला, तर सिलोसायबिनचे मानसिक परिणाम उमटत नाहीत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील २०१२ च्या अभ्यासात, स्वतःविषयीच्या विचारांशी संबंधित मानल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागांत रक्तप्रवाह घटलेला आढळला. 'मी' विरघळल्याच्या अनुभवाशी याची सांगड घालणे मोहक आहे, पण एखादा अनुभव कोणत्या यंत्रणेतून येतो हे कळल्याने तो खरा की आभास हे ठरत नाही, कारण ज्ञानेश्वरी वाचतानाही मेंदूत काही ना काही घडतच असते.

पॅन्के यांचा प्रश्न पुन्हा काटेकोरपणे हाती घेतला तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे पदार्थ पूर्वी कधीच न घेतलेले, पण प्रार्थना किंवा ध्यान नियमित करणारे ३६ स्वयंसेवक होते. तुलनेसाठी जीवनसत्त्वाऐवजी मेथिलफेनिडेट हे उत्तेजक निवडले होते, कारण त्याचा परिणाम मनालाही जाणवतो. सिलोसायबिनच्या सत्रात २२ जणांना पूर्ण गूढानुभव आला. मेथिलफेनिडेटच्या सत्रातही ४ जणांना तो आला, आणि मला हा आकडा अधिक बोलका वाटतो: शांत खोली, विश्वासू सोबती, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर संगीत यांतून काय घडू शकते याचे ते माप आहे. ११ जणांना सिलोसायबिनच्या सत्रात तीव्र भीतीही वाटली, तीही प्रशिक्षित माणसे शेजारी असताना. भारतात एलएसडी आणि सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, तेव्हा अशी देखरेख घरगुती प्रयोगात मिळेल या भ्रमात कोणी राहू नये.

त्याच विद्यापीठाने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने निरनिराळ्या धर्मांच्या उपदेशकांना सिलोसायबिन देऊन केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींमध्ये ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. बहुतेकांनी तो अनुभव आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या आध्यात्मिक अनुभवांत गणला. पण त्यात तुलनेची गोळी नव्हतीच. दुसऱ्या गटाला काही महिने नुसते थांबायला सांगण्यात आले आणि मग त्यांनाही तेच औषध देण्यात आले.