खुलासा : पिंजऱ्यात भरपूर आहेत म्हणून बाली मैना वाचली?

‘बाली मैना पिंजऱ्यात शेकड्यांनी वाढते, रानात कमी पडल्या की सोडायच्या,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे.

आपल्या साळुंकीची ही पांढरीशुभ्र नातलग निसर्गतः फक्त इंडोनेशियातल्या बाली बेटावरची. डोळ्याभोवती उघडी निळी कातडी, पंख-शेपटीची टोकं काळी. २००१च्या सुमारास रानात जेमतेम ६ उरल्या, तेव्हाही पिंजऱ्यांत शेकडो होत्या! जंगलतोड होतीच, पण खरा घात केला पक्षीबाजाराने. १९९९मध्ये पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानातल्या ३९ बंदिस्त पक्ष्यांपैकी जवळजवळ सगळे सशस्त्र टोळीने पळवले. मागणी तशीच राहिली, तर सोडलेला पक्षीही पुन्हा बाजारातच जातो.

बाजारातला पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेला की रानातून धरलेला, हे ओळखायचं ते पायातल्या अखंड, म्हणजे बिनजोडाच्या, कड्यावरून. पिल्लू काही दिवसांचं असतानाच पुढची तीन बोटं जुळवून कडं सरकवतात, मागचं बोट हलकेच सोडवून घेतात. पंजा वाढला की ते चढतच नाही. म्हणून कापून जोडलेलं किंवा सैल कडं दिसलं, तर पक्षी रानातून धरल्याचा संशय घ्यावा.

बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर २००६पासून पक्षी सोडताना आधी गावांना विश्वासात घेतलं. तिथल्या गावांनी आपल्या पारंपरिक नियमांतच, ‘अविग-अविग’मध्ये, पक्षी पकडण्यावर बंदी घातली.