काळ्या मातीतून सापळा कसा उचलतात

नाशिक परिसरात शेततळं किंवा इमारतीचा पाया खणताना हाडं निघाली की आधी ठरवावं लागतं ते एवढंच: ही माणसाची आहेत का? लहान मुलाचं हाड आणि शेळीचं हाड यांत गल्लत सहज होते. रामकुंडात अस्थिविसर्जन होतं, त्यामुळे गोदापात्रात जळका तुकडा सापडला म्हणजे गुन्हा घडलाच असं धरता येत नाही.

पुढचं सगळं उत्खननावर अवलंबून असतं. जमिनीत जे हरवलं ते प्रयोगशाळेत परत मिळत नाही. प्रौढाच्या शरीरात साधारण 206 हाडं असतात आणि त्यांतली 106 फक्त हातापायांच्या पंजांत. जेसीबीने ओढलेल्या सापळ्यात कवटी आणि मांडीची हाडं येतात, बाकीची ढिगाऱ्यात जातात. म्हणून यंत्र थांबवायचं, चौकट आखून फोटो व मोजमापं घ्यायची आणि हाडाजवळ बांबूची काडी नि मऊ कुंचला वापरायचा. लोखंडी खुरप्याचा ताजा ओरखडा पुढे जखमेची खूण समजला जाऊ शकतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दात आणि बोटांची हाडं भेगांतून खाली उतरतात, वरची नवी गुंडी किंवा नाणंही उतरतं आणि कालनिर्णय फसवतं. त्यामुळे सापळ्याखालची मातीही चाळावी लागते. ही चिकण माती कोरडी चाळत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीवर पाणी सोडून धुवावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या प्रौढांचे सापळे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले आढळले. पावलं मुळातच नव्हती, खणताना हरवली नाहीत, हे म्हणता यायला उत्खनन तितकं काटेकोर असावं लागतं.

हाडं सावलीत वाळवावीत. उन्हात ती तडकतात. ओलसर हाडं प्लॅस्टिकमध्ये बंद केली तर बुरशी धरतात, म्हणून कागदी पिशव्या.

प्रयोगशाळेत लिंग ओळखायला कवटीपेक्षा ओटीपोटाची हाडं जास्त भरवशाची. वयात येण्याआधीच्या मुलांत मात्र केवळ आकारावरून लिंग सांगू नये. वयासाठी दात आणि वाढत्या हाडांची टोकं मधल्या दांड्याशी जुळण्याचा क्रम पाहतात. कॉलर बोनचं छातीकडचं टोक सर्वांत उशिरा, विशीत, जुळतं. तिशीनंतर वयाचा अंदाज बराच सैल होतो.

उंचीत चूक जास्त होते. ट्रॉटर आणि ग्लेसर यांच्या 1952 च्या सूत्रानुसार मांडीच्या हाडाची सेंटिमीटरमधली लांबी गुणिले 2.38, अधिक 61.41. हाड 45 सेंटिमीटर असेल तर उंची 168.5 सेंटिमीटर, प्रमाण चूक (अंदाज साधारण किती वर-खाली होतो ते) 3.27. पण हे सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांवरून काढलेलं आहे. पाय आणि धड यांचं प्रमाण लोकसमूहागणिक बदलतं, म्हणून इथल्या सापळ्याला भारतीय नमुन्यांवरचं सूत्र लावावं. अहवालात एकच आकडा न देता टप्पा लिहावा, नाहीतर बेपत्ता व्यक्तींच्या यादीतून खरा माणूसच वगळला जातो.

हाडांवरून माणूस ओळखण्याच्या या क्षेत्रात येण्याचे रस्ते तीन: एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी, मानवशास्त्रात एमएस्सी, किंवा न्यायसहायक विज्ञानातली पदवी. प्राचीन सापळ्यांकडे ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. कुठूनही आलात तरी प्रवेश घेताना एक चौकशी करावी: अभ्यासाला खरी हाडं हाताळायला मिळतात का, आणि त्यांत प्राण्यांची आहेत का?